आमच्या दारातली सात बाकं

११ मार्च

प्रिय बुटके,

तू आता माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेस हे मला ठाऊक आहे, तरी नाव बदलणार नाही. शाळेच्या वर्षांत तू आमच्याकडे राहायचीस तेव्हा फळीवरचा डबा काढायला तुला स्टूल लागायचं. नाव तेव्हा पडलं ते पडलं.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, मी फोनवर बोलायला लागलो की तुझी काकू स्वयंपाकघरातून त्याची उत्तरं देते. हे पत्र मी न्हाणीघराला कडी लावून लिहितो आहे. उत्तर चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव. दुकान आता दुसऱ्या बाई चालवतात, पण माझी खुर्ची तिथे आहे आणि माझ्याशिवाय तिथली एकही काच नीट घासली जात नाही, असा माझा समज आहे.

तर मुद्दा असा. काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बरेच महिने झाले. टाके गेले, सूज गेली, पण ही बाई घराबाहेर पडत नाही. दारापासून पहिल्या विजेच्या खांबापर्यंत जाते, तिथे तिला बसावंसं वाटतं, बसायला काही नसतं, मग तोंड एवढंसं करून परत येते. आणि नगरपालिकेचं खेळघर आहे थेट पाण्याच्या टाकीपलीकडे. वाचनालयातून पुस्तकं नेतात तशी तिथून मुलं खेळणी घरी नेतात, आणि मोडली की काकूच्या दुरुस्तीच्या टेबलावर आणून ठेवतात. ते टेबल तिच्याविना रिकामं पडलं आहे.

गाडी करू म्हटलं, चाकांची खुर्ची आणू म्हटलं. तर मला म्हणते, "मोडक्या खेळण्यासारखं मला कुणीतरी उचलून आणायचं, आणि मी तिथे बसून खेळणी दुरुस्त करायची? मुलं हसतील. जाईन तर माझ्या पायांनी जाईन." बरं, खेळणी घरी आणतो म्हटलं, तर तेही नाही. तिचा नियम तुला माहीत आहे. ज्याच्या हातून मोडलं त्याने समोर उभं राहून कसं मोडलं ते आधी सांगायचं. अर्धी दुरुस्ती त्यातच होते, असं तिचं म्हणणं.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी सभागृहात प्रत्येक विभागाने उठून महिन्याचं काम सांगायची पद्धत अजून चालू आहे. या सोमवारी समाजसेवा विभागाच्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, मोडकी खेळणी ढिगाने साठली आहेत. ऑगस्ट संपेपर्यंत दुरुस्तीला कुणी बसलं नाही तर ती जागा सामान ठेवायला देऊन टाकणार. हे मी काकूला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

मला एवढंच हवं आहे की आमच्या दारापासून खेळघरापर्यंत सात ठिकाणी बाकं यावीत. ती एका बाकावरून उठेल आणि दुसऱ्यावर जाऊन बसेल. तू स्वतः नगरपालिकेत इंजिनीअर आहेस, लांबच्या का होईना. अर्ज कसा करायचा ते सांग.

माझं म्हणशील तर उत्तम. रोज चालतो, आणि चालता चालता दिव्यांचे खांब तपासतो. प्रत्येक खांबापाशी चांगला थांबून दिवा, तार, झाकण, सगळं बघतो. दिवाबत्ती विभागातला माणूस मला लांबून पाहिलं की चहाला निघून जातो.

तुझा,
काका


२० मार्च

आदरणीय खांबनिरीक्षक काका,

लोकांना म्हातारपणी बागेचं वेड लागतं, तुम्हाला खांबांचं लागलं. त्या दिवाबत्तीवाल्याला माझा नमस्कार सांगा. तुमच्यासारखे दोन नागरिक आमच्या गावात असते तर मी नोकरी सोडून दिली असती.

काकूचं वाचून मात्र वाईट वाटलं. ती फोनवर मला "गुडघा मस्त आहे, तू जेवलीस का?" एवढंच सांगते. मी रजा टाकून येऊ का? नाही म्हणणार तुम्ही, माहीत आहे. मग निदान अर्जाचं तरी माझं ऐका.

तुम्ही म्हणता ती सात ठिकाणं म्हणजे सात दुखणी आहेत. गटारावरची फरशी बांधकाम विभागाची, झाडाखालची जागा उद्यान विभागाची, टाकीजवळची पाणीपुरवठ्याची, आणि शिंप्याच्या दुकानासमोरच्या तुकड्यावर तर दोन विभागांचं भांडण माझ्या लहानपणापासून चालू आहे. सात जागा लिहिल्यात तर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसेल आणि तोवर काकूचा दुसरा गुडघा दुखायला लागेल. म्हणून पत्ता एकच द्या, तुमच्या घराचा. 'ज्येष्ठ नागरिकांसाठी सात बाकं', एवढंच लिहा. मंजूर झाली की बसवायला माणसं येतील, त्यांना कुठे कुठे बसवायचं ते तुम्ही स्वतः चालत जाऊन दाखवा. आमच्याकडे सगळी कामं अशीच होतात.

आणि न्हाणीघरात बसून लिहू नका. मागच्या पत्राची शाई पसरली होती.

तुमची,
बुटकी


२ मे

बुटके,

तुझ्या सल्ल्याची मिरवणूक काढायला हवी.

बाकं आली. सातच्या सात आली. सिमेंटची, पाठ असलेली, चांगली दणकट बाकं. आणि सातच्या सात आमच्या दारासमोर, एकाला एक लागून, रांगेत बसवली गेली!

मी दुकानात एका गृहस्थांच्या काचा घासत होतो. माणसं आली, त्यांच्या कागदावर पत्ता आमचा. काकूला यातलं काही माहीत नाही. तिने त्यांना चहा दिला, पाणी दिलं, आणि वर खिडकीतून ओरडून सांगितलं, "ओळ वाकडी जातेय, जरा डावीकडे घ्या!" मी संध्याकाळी येतो तो काय, घरासमोर बिनपडद्याचं थिएटर! मी कपाळाला हात लावला. ही मला म्हणते, "बघा, नगरपालिका न मागता किती करते!"

मी त्या माणसांच्या मागे पळालो, पण सिमेंट घट्ट झालं होतं. बांधकाम विभागात गेलो. तिथले साहेब म्हणाले, "अर्जात लिहिलेल्या पत्त्यावरच बसवली आहेत, तक्रार कशाबद्दल आहे?" सगळी गल्ली हसते आहे. शिंप्याने मला विचारलं, "तिकीट किती ठेवलंय?"

मे लागला. ऑगस्ट काही लांब नाही. बाकं आली, पण ही बसली आहे खिडकीतच.

परवा बांधकाम विभागातून परत येताना इतकं फिरणं झालं, की सगळ्या खांबांची तपासणी एका दिवसात उरकली.

काका


९ मे

काका,

आधी मी हसले. कचेरीत बसून इतकी हसले की शेजारच्या बाई पाणी घेऊन आल्या. मग मला रडू आलं. चूक शंभर टक्के माझी आहे. बसवायला येणारी माणसं आधी कळवून येतील असं मी धरून चालले. आमच्याकडे कळवतात. आमच्याकडचं तुमच्याकडे चालेलच, हा माझा शहाणपणा.

आता तुम्ही कुणाशीही भांडू नका. बसवलेलं बाक उखडायला कारण लागतं, आणि 'पुतणी मूर्ख आहे' हे कारण चालत नाही. तुमच्या बांधकाम विभागात आता एक इंजिनीअर बाई आल्या आहेत, त्या माझ्याबरोबर शिकायला होत्या. त्यांच्या मागे लागते. त्या चांगल्या आहेत, फक्त हळू आहेत. तोवर बाकांना हात लावू नका, आणि काकूला माझ्याकडून एक घट्ट मिठी मारा. कारण विचारलं तर माझी आठवण आली म्हणा.

बुटकी


२८ जून

प्रिय बुटके,

मिठी मारली. "ताप आलाय का?" असं तिने विचारलं आणि कपाळाला हात लावून बघितला.

आता जे घडलं ते नीट सांगतो, कारण घडताना मलाही कळलं नाही. बाकं आहेत म्हटल्यावर लोक बसायला लागले. संध्याकाळी बायका भाजी निवडायला येतात. शिंपी बटणं लावायचं काम घेऊन येतो. बसच्या ड्रायव्हरला वाटलं इथे थांबा झाला, तो थांबायलाच लागला. आरोग्य विभागाची तपासणीची गाडी पूर्वी चौकात उभी राहायची, ती आता आमच्या दारात येते, कारण पेशंटना बसायला सोय आहे. या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आरोग्य विभागाने सभागृहात उठून सांगितलं, तपासणीला येणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली. श्रेय कुणाला दिलं माहीत आहे? बांधकाम विभागाला!

आणि लोक बसले की शेंगा खातात. आणि टरफलं टाकतात. तुझी काकू खिडकीतून तीन दिवस ते बघत होती. चौथ्या दिवशी केरसुणी घेऊन बाहेर आली, सगळ्यांची खरडपट्टी काढली आणि पहिल्या बाकाखालचं झाडायला लागली. झाडून झाल्यावर तिथेच बसली. दुसऱ्या दिवशी पुढचं बाक. मग त्याच्या पुढचं. आता रोज संध्याकाळी ती रांगेच्या या टोकापासून त्या टोकाला जाते आणि परत येते. थोडं चालते, थोडं बसते, कुणाला तरी बोलते, परत चालते. मी दारात उभा राहून बघतो. काल बायकांशी हसत हसत बोलताना एका बाकावर बसायचं विसरूनच गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांना म्हटलं, धूळ गेली.

गाडीतल्या डॉक्टरीणबाईंनी तिचा गुडघा बघितला, खूश झाल्या. मी शेजारीच बसलो होतो म्हणून मलाही तपासलं. काही नाही, ठणठणीत आहे.

पण गल्लीतली रांग वेगळी आणि टाकीपर्यंतची वाट वेगळी. वाटेत बाकं नसतील तर ही निघायची नाही. तुझ्या त्या हळू बाईंना जरा चिमटा काढ.

काका


२२ जुलै

काका,

काढला. चिमटे काढून काढून माझी बोटं दुखली, आणि अखेर त्यांनी आदेश काढला. कारण काय लिहिलंय ऐका: 'एकाच ठिकाणी बाकांची गर्दी झाल्याने रहदारीस अडथळा.' तुमच्या गल्लीत रहदारी म्हणजे एक बस आणि शिंप्याची सायकल, पण आपण वाद घालायचा नाही.

दोन बाकं तुमच्या दारात राहतील. आरोग्याच्या गाडीसाठी ती हवीतच, असं डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन सांगितलं म्हणे. उरलेली पाच खेळघरापर्यंतच्या वाटेवर. माणसं पुढच्या आठवड्यात येतील. या वेळी त्या दिवशी दुकानात जायचं नाही, काचा पडून राहिल्या तरी चालतील. दारात उभं राहायचं आणि चालत जाऊन एकेक जागा दाखवायची.

मला पहिल्या दिवसाचं सगळं लिहा. ती कशी चालली, काय नेसली, मुलं काय म्हणाली, सगळं.

बुटकी


१८ ऑगस्ट

प्रिय बुटके,

गेली! आपल्या पायांनी गेली!

सकाळी तिने निळी साडी नेसली, स्क्रू ड्रायव्हरचा डबा पिशवीत टाकला आणि मला म्हणाली, "चला, कुठपर्यंत जमतंय बघू." खेळघराचं टेबल बंद होणार होतं हे तिला कधीच कळलं होतं. भाजी निवडणाऱ्या बायकांच्या पोटात काय राहतंय!

आम्ही निघालो. तू विचारलंस ती कशी चालली. खरं सांगू? चाल बरी आहे, पण दर बाकापाशी आली की "अगं बाई, धरला गुडघा" म्हणते आणि बसते. मलाही हाताला धरून शेजारी बसवते, एकटीला बसायला लाज वाटते म्हणून. चांगला वेळ बसून राहते. मी कधी उठायची घाई केली नाही. तिला बरं वाटलं की तीच उठते. बिचारी. इतकं सोसून गेली, पण गेली.

खेळघरात मुलांनी एकच गलका केला. टेबलासमोर रांग लागली. पहिली एक चिमुरडी, चाक निखळलेली आगगाडी घेऊन. काकूने चष्मा चढवला आणि विचारलं, "हं, कसं मोडलं ते आधी सांग." माझा तिथे काही उपयोग नव्हता, मी खिडकीत बसून सगळ्यांच्या चष्म्यांच्या दांड्या सारख्या करून दिल्या.

समाजसेवा विभागाच्या बाई सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सभागृहात सांगणार आहेत, टेबल चालू झालं. मी पहिल्या रांगेत बसणार आहे.

हे तुझ्यामुळे झालं. म्हणजे तुझ्या चुकीमुळे झालं, पण त्याचं काय एवढं?

तुझा,
काका

ता. क. हल्ली खांब तपासायचे राहूनच जातात. हिच्याबरोबर बसण्यात वेळ जातो.


२५ ऑगस्ट

माझ्या उंच मुली,

तुझे काका तुला चोरून पत्रं लिहितात हे मला मार्चपासून माहीत आहे. न्हाणीघरात पेन घेऊन कोण जातं? आणि बाहेर आला तरी माणूस कोरडाच असतो. पुढे तुझी उत्तरंही ह्यांच्या खिशात सापडली, ती वाचून मी जागच्या जागी ठेवली. त्यांना तेवढीच मजा.

आता मी लिहिते आहे ते त्यांना सांगायचं नाही. या घरात प्रत्येकाचं एक तरी गुपित हवं.

माझा गुडघा बरा आहे. अगदी बरा आहे. दारातल्या त्या रांगेने तो बरा केला, आणि त्यासाठी तुला सात वेळा धन्यवाद. जुलै संपायच्या आधीच मी सकाळी हे आंघोळीला गेले की एकटी टाकीपर्यंत जाऊन यायचे, न बसता. शिंप्याला विचार, त्याने पाहिलंय.

बसावं लागतं ते ह्यांना.

हे खांब तपासतात म्हणून तू हसायचीस ना? मीही हसायचे. मग गुडघ्यामुळे खिडकीत बसून राहावं लागलं, तेव्हा ह्यांना येताना नीट बघितलं. वर दिव्याकडे कोण बघतंय! एक हात खांबावर टेकलेला, दुसरा छातीवर, आणि मान खाली. कुणी आलं की लगेच मान वर करायची आणि दिव्याबद्दल बोलायचं. आयुष्यभर गावाची नजर तपासली, आणि घरात बायकोला डोळे आहेत हे विसरले.

गाडीतल्या डॉक्टरीणबाईंना मी गाठलंच. त्या म्हणाल्या, हृदय थोडं थकलंय, घाबरण्यासारखं नाही. गोळ्या चालू आहेत, चालायला हवं, पण धाप लागायच्या आत बसायला हवं. यातलं काहीच हे मला सांगत नाहीत. मला वाटतं त्यांना भीती वाटते, की मला कळलं तर मी पुन्हा खिडकीत जाऊन बसेन आणि खेळघर सोडून देईन. गोळ्या चष्म्याच्या जुन्या घरात लपवून ठेवल्यात. मी रोज उघडून बघते, एक कमी झालेली असते. ज्या दिवशी कमी झाली नसेल त्या दिवशी चहाबरोबर चष्म्याचं घरच पुढे ठेवणार आहे.

त्यांना तोंडावर सांगून उपयोग नाही. "मला काय धाड भरलीय" म्हणतील आणि दाखवायला म्हणून दोन पावलं जास्त भरभर टाकतील. स्वतःसाठी हा माणूस कधी कुठे टेकला नाही. माझ्यासाठी मात्र कुठेही थांबतो. म्हणून दर बाकापाशी माझा गुडघा धरतो. मी हात धरून बसवते, ह्यांचा श्वास ऐकत राहते, आणि तो शांत झाला की मला 'बरं वाटतं'. हे माझ्याकडे असं बघतात, जणू मीच सगळं सोसते आहे. मला कधी हसू येतं, कधी रडू. किती वर्षं झाली लग्नाला, आणि हा माणूस माझ्यासाठी सात बाकं मागायला नगरपालिकेत उन्हातून फिरला, स्वतःची छाती धरून.

खेळघरात माझा नियम आहे, कसं मोडलं ते आधी सांगायचं, मगच दुरुस्ती. घरी मात्र तो नियम मी सोडून दिलाय. काही न सांगताच चालू आहे आमची दुरुस्ती.

आता तुझं काम. टाकीच्या पुढे, खेळघराच्या दाराआधी, छोटासा चढ आहे. तिथे बाक नाही, आणि तिथेच ह्यांच्या ओठांचा रंग उतरतो. सध्या मी तिथे चपलेतला खडा काढते. पण रोज रोज खडा कुठून आणू? तुझ्या त्या हळू बाईंना सांग, आठवं बाक हवं आहे. पत्ता या वेळी त्या चढाचाच लिही, आमच्या घराचा लिहू नकोस.

आणि कारण विचारतील, तिथे माझा गुडघा लिही.

तुझी,
काकू